ड्रोनचे चित्रण, नवशिक्याची कात्री आणि पाहणाऱ्याची भोवळ

कल्याणच्या दुर्गाडी पुलावरून खाडी ओलांडली की भिवंडीच्या रस्त्यावर कोन गाव लागते. एका बाजूला उल्हास नदीची खाडी, दुसऱ्या बाजूला राजनोली नाक्याकडे पसरत गेलेली गोदामे आणि मध्ये जुनी आगरी वस्ती. लग्नसराईत अशा गावांत हळदीच्या मांडवावर बेंजोच्या जोडीला आता ड्रोनच्या पात्यांची भुणभुणही ऐकू येते. टेनिस चेंडूचे क्रिकेट सामने असोत, पालखी असो की नव्या गोदामाचे उद्घाटन, वरून घेतलेले चित्रण हवेच, असा आग्रह असतो. पूर्वी हे काम शहरातून बोलावलेल्या व्यावसायिकाचे होते. आता गावातलाच एखादा मुलगा अडीचशे ग्रॅमच्या आतला छोटा ड्रोन घेतो आणि आठवड्याभरात उडवायला शिकतो.

उडवणे खरोखरच सोपे झाले आहे. उपग्रहाच्या मदतीने ड्रोन एका जागी स्थिर राहतो, कॅमेऱ्याखालचे गिंबल हादरे शोषून घेते. अडचण सुरू होते ती घरी आल्यावर. मेमरी कार्डात वीस-पंचवीस मिनिटांचे चित्रण असते आणि त्यातून तीन मिनिटांचा व्हिडिओ करायचा असतो. मग प्रश्न येतो की संकलनासाठी, म्हणजे एडिटिंगसाठी, सॉफ्टवेअर कोणते घ्यावे? उत्तरादाखल बहुधा ज्यात सर्वांत जास्त इफेक्ट, त्याचे नाव सुचवले जाते. नवशिक्याने मात्र निवडीची सुरुवात दुसऱ्या टोकाकडून केलेली बरी. हा व्हिडिओ पाहणाऱ्याच्या डोक्याला आणि तो जोडणाऱ्याच्या शरीराला झेपेल का, हे आधी पाहावे. सॉफ्टवेअरकडून काय हवे, हे त्यावरून आपोआप ठरते.

बसल्या जागी गाडी का लागते?

ड्रोनचा व्हिडिओ मोठ्या पडद्यावर लागला की प्रेक्षकांतले कोणीतरी मान फिरवते. ‘गरगरतंय’, ‘मळमळतंय’ अशी तक्रार येते. हा लाड किंवा नाजूकपणा नव्हे. आपला तोल तीन गोष्टींवर अवलंबून असतो. पहिली म्हणजे डोळे. दुसरी म्हणजे स्नायू आणि सांध्यांतून मेंदूकडे जाणारे संदेश. तिसरी म्हणजे आतल्या कानातली तोल सांभाळणारी यंत्रणा. आतल्या कानात प्रत्येक बाजूला तीन अर्धवर्तुळाकार नलिका असतात. डोके कोणत्या दिशेला वळले, हे त्यातल्या द्रवाच्या हालचालीवरून मेंदूला कळते. त्यांच्याशेजारी दोन छोट्या पिशव्या असतात. त्यांतले चुन्याचे सूक्ष्म स्फटिक आपण सरळ रेषेत पुढे-मागे, वर-खाली हललो की नाही, ते सांगतात.

घाटात बसमध्ये पुस्तक वाचताना कान सांगतो ‘आपण वळतो आहोत’ आणि डोळे सांगतात ‘अक्षरे तर जागेवर आहेत’. या विसंगतीतून बस लागते. ड्रोनच्या व्हिडिओत नेमके उलटे घडते. डोळे सांगतात ‘आपण खाडीवरून झेपावतो आहोत’ आणि कान सांगतो ‘आपण तर खुर्चीवर आहोत’. कल्याण स्थानकात शेजारची लोकल हलली की आपलीच गाडी सुटल्यासारखे क्षणभर वाटते, तोच हा भास. पडदा जितका मोठा आणि जितका जवळ, तितका तो तीव्र. मोबाइलवर निर्धोक वाटलेला व्हिडिओ मांडवातल्या एलईडी भिंतीवर त्रासदायक ठरतो तो यामुळेच. दोन ते बारा वर्षांची मुले, अर्धशिशी असणारे आणि प्रवासात मुळातच गाडी लागणारे यांना हा त्रास अधिक होतो. पुरुषांपेक्षा स्त्रियांमध्येही तो जास्त आढळतो.

यात नवशिक्याला फसवणारी एक गोष्ट आहे. बसमध्ये प्रवाशांना गाडी लागते, चालकाला सहसा लागत नाही. पुढचे वळण कोणत्या बाजूला आहे, हे त्याला आधी ठाऊक असते आणि त्याचा मेंदू त्या हालचालीसाठी तयार असतो. ड्रोन उडवणाऱ्याचेही तसेच आहे. कांडी आपण कुठे वळवली, हे त्याला आठवत असते. तोच व्हिडिओ जोडायला बसला की प्रत्येक झेप त्याला सुखद वाटते. पाहणारा मात्र प्रवाशाच्या आसनावर असतो. स्वतःच्या डोळ्यांवर भरवसा ठेवून ड्रोनचे चित्रण जोडू नये, हा पहिला धडा.

पहिली कसोटी: चार हत्यारे

भोवळ कमी करायला चार साध्या गोष्टी पुरतात आणि सॉफ्टवेअर निवडताना त्याच आधी शोधाव्यात.

पहिली म्हणजे नेमके कापणे. ड्रोन सुटतानाचा हिसका आणि थांबतानाचा धक्का प्रत्येक तुकड्याच्या दोन टोकांना असतो. तेवढा भाग काढला तरी निम्मा त्रास जातो. त्यासाठी एकेक फ्रेम पुढे-मागे सरकता आले पाहिजे. दुसरी, क्षितिज सरळ करणे. खाडीचे पाणी एका अंशाने जरी कलले तरी मेंदू अस्वस्थ होतो, म्हणून चित्र किंचित फिरवण्याची सोय हवी. तिसरी, स्थिरीकरण. वाऱ्याने आलेली थरथर सॉफ्टवेअर कमी करते, पण त्या बदल्यात चित्राच्या कडा थोड्या कापल्या जातात, याची तयारी ठेवावी. चौथी, वेग बदलणे. झटकन घेतलेले वळण संथ केले की सुसह्य होते.

संथ करण्याची मर्यादा मात्र चित्रण करतानाच ठरते. सेकंदाला २५ फ्रेम घेतल्या असतील आणि वेग निम्मा केला, तर सेकंदाला साडेबाराच खऱ्या फ्रेम उरतात आणि चित्र अडखळते. संथ दाखवायचा भाग आधीच ५० फ्रेमने घ्यावा. २५ आणि ५० हे आकडे भारतात आणखी एका कारणाने सोयीचे आहेत. आपल्याकडची वीज ५० हर्ट्‌झची असल्याने अनेक दिव्यांचा प्रकाश सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होतो. डोळ्यांना ते जाणवत नाही, कॅमेऱ्याला जाणवते. ३० फ्रेमने घेतलेल्या हळदीच्या चित्रणात रोषणाई लपलपते किंवा पडद्यावर पट्टे सरकतात. २५ फ्रेम आणि एक पन्नासांश सेकंदाचा शटर ठेवला तर बहुतेक वेळा हे टळते. चित्रण २५ चे असेल तर सॉफ्टवेअरमधला प्रकल्पही २५ चाच करता आला पाहिजे. ही सोय आहे का, ते पाहावे.

दोन तुकडे जोडताना एक साधे पथ्य आहे. डावीकडे वळणाऱ्या चित्राला लगेच उजवीकडे वळणारे चित्र जोडू नये. मधे एखादे स्थिर चित्र ठेवावे. मांडवाचे तोरण, हळदीचे ताट, नवरीचा चेहरा. डोळ्यांना टेकायला जागा मिळाली की तोल सावरतो.

दुसरी कसोटी: आपल्या यंत्राला झेपते का?

नवशिक्यांचा सर्वाधिक वैताग सॉफ्टवेअरपेक्षा फायलींच्या वजनातून येतो. ‘फोर-के’ चित्राच्या एका फ्रेममध्ये सुमारे ८३ लाख ठिपके असतात, फुल एचडीच्या चौपट. छोटे ड्रोनही सेकंदाला १०० मेगाबिटच्या आसपास माहिती साठवतात. म्हणजे मिनिटाला साधारण ७५० एमबी आणि वीस मिनिटांना १५ जीबी. शिवाय एच-२६५ या पद्धतीत चित्र असे घट्ट आवळलेले असते की ते उलगडताना संगणकाला घाम फुटतो. जागा कमी लागते, मेहनत मात्र वाढते. मग चित्र अडकते, पंखा घरघरतो आणि शिकणाऱ्याला वाटते, आपल्यालाच जमत नाही.

यावर प्रॉक्सी हा उपाय आहे. सॉफ्टवेअर मूळ फायलींच्या हलक्या प्रती तयार करते. कापाकापी त्या प्रतींवर होते आणि शेवटी तयार व्हिडिओ मात्र मूळ फायलींमधून निघतो. जुना लॅपटॉप असलेल्यांनी ही सोय असल्याशिवाय कोणतेही सॉफ्टवेअर घेऊ नये. मूळ फायली दोन ठिकाणी जपून ठेवाव्यात. लग्न पुन्हा लागत नाही.

मग घ्यावे कोणते?

ज्याच्याकडे फक्त मोबाइल आहे, त्याने मोबाइलपासूनच सुरुवात करावी. ड्रोनच्या स्वतःच्या ॲपमध्ये तयार साच्यांत तुकडे बसवण्याची सोय बहुधा असते. एक-दोन मिनिटांच्या व्हिडिओला ती पुरते. त्यापुढे व्हीएन हे ॲप नवशिक्यांना सोयीचे पडते, कारण त्याच्या फुकट आवृत्तीतही व्हिडिओवर शिक्का, म्हणजे वॉटरमार्क, उमटत नाही. इनशॉट आणि काइनमास्टरही सोपी आहेत, पण त्यांच्या फुकट आवृत्तीत शिक्का येतो. पैसे घेऊन काम करायचे असेल तर हा फरक महत्त्वाचा.

आयफोन किंवा मॅक असेल तर आयमूव्ही फुकट मिळते आणि पहिल्या वर्षाला ते पुरून उरते. मॅकवर त्यात थरथर कमी करण्याची सोय आहे. लक्षात एवढेच ठेवायचे की प्रकल्पाचा फ्रेमदर ते पहिल्या टाकलेल्या तुकड्यावरून ठरवते. तेव्हा पहिला तुकडा ड्रोनचाच टाकावा, मोबाइलचा नव्हे.

विंडोज लॅपटॉपवर क्लिपचॅम्प हा मायक्रोसॉफ्टचा सोपा पर्याय आहे. फुकट आवृत्तीत शिक्क्याविना फुल एचडी व्हिडिओ निघतो. कुटुंबीयांना व्हॉट्सॲपवर पाठवायला त्याहून अधिक लागत नाही. थोडे पुढे जायचे असेल तर शॉटकट आणि केडेनलाइव्ह ही दोन मुक्त सॉफ्टवेअर आहेत. दोन्ही पूर्णपणे फुकट, शिक्का नाही, प्रॉक्सी आणि स्थिरीकरण दोन्ही आहे. दिसायला ती थोडी रुक्ष वाटतात, पण साध्या लॅपटॉपवर निमूट काम करतात.

डा विंची रिझॉल्व्हचे नाव सगळेच घेतात आणि ते योग्यही आहे. ब्लॅकमॅजिक डिझाइन या ऑस्ट्रेलियन कंपनीचे हे सॉफ्टवेअर मुळात चित्रपटांच्या रंगसंगतीसाठी विकसित झाले. फुकट आवृत्तीतही फोर-के व्हिडिओ निघतो आणि रंग सुधारण्याची सोय उत्तम आहे. मात्र त्याला किमान १६ जीबी रॅम आणि चांगले ग्राफिक कार्ड लागते, शिवाय शिकायला वेळ लागतो. ताकदवान संगणक आणि व्यवसायात उतरण्याचा विचार असेल तरच सुरुवात तिथून करावी. एरवी सहा महिने साध्या सॉफ्टवेअरवर हात बसवून मग तिकडे वळणे शहाणपणाचे.

महागड्या सॉफ्टवेअरच्या ‘क्रॅक’ प्रती पेनड्राइव्हमधून फिरत असतात. त्या घेऊ नयेत. कायद्याचा प्रश्न आहेच. त्याशिवाय अशा प्रतींसोबत येणारा व्हायरस संगणकातल्या सगळ्या फायली कुलूपबंद करू शकतो आणि त्यात एखाद्या कुटुंबाचे अख्खे लग्न अडकते.

रंग आणि हळद

गोदामांचे पांढरे पत्रे उन्हात लखलखतात आणि शेजारची खाडी काळपट दिसते. एकाच चित्रात दोन्ही असतील तर कॅमेरा गोंधळतो. संकलनात उजेड आणि सावली वेगवेगळी कमी-जास्त करता आली पाहिजे. रात्रीच्या रंगीत दिव्यांत हळदीचा पिवळा रंग भडक होतो, तो रंगाची तीव्रता किंचित उतरवून सावरतो. लाल आणि हिरव्या रंगांत गल्लत होणे हा जन्मजात दोष पुरुषांमध्ये जास्त असतो आणि कित्येकांना तो स्वतःला ठाऊकही नसतो. ‘चेहरे हिरवट दिसतात’ असे लोक वारंवार सांगत असतील तर डोळ्यांची रंगचाचणी करून घ्यावी. ती काही मिनिटांची असते. अशांनी सॉफ्टवेअरमधल्या रंगांच्या आलेखावर भिस्त ठेवावी.

मुका ड्रोन, मोठे संगीत

छोटे ड्रोन सहसा आवाज टिपत नाहीत आणि टिपला असता तरी पात्यांची घरघरच ऐकू आली असती. म्हणून बहुतेक जण वरून एखादे तयार गाणे लावतात. त्यात हळदीचा जीवच हरवतो. आगरी लग्नात धवलारीण धवले गाते. ते वरून दिसणारे नाही, ऐकण्याचे आहे. खाली कोणीतरी मोबाइलवर तो आवाज टिपून ठेवावा आणि संकलनात चित्राखाली जोडावा. त्यासाठी सॉफ्टवेअरमध्ये आवाजाच्या किमान दोन वेगळ्या पट्ट्या हव्यात. एकीवर धवले, दुसरीवर संगीत, आणि दोघांचा आवाज स्वतंत्रपणे कमी-जास्त करता आला पाहिजे.

हे करताना स्वतःचे कानही सांभाळावेत. जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शनानुसार प्रौढांनी ८० डेसिबलचा आवाज आठवड्याला ४० तासांपर्यंत ऐकणे सुरक्षित मानले जाते. आवाज ९० डेसिबलवर गेला की ही मर्यादा थेट ४ तासांवर येते. रात्रभर हेडफोन लावून बेंजो जोडणाऱ्याला ती केव्हा ओलांडली, हे कळतही नाही.

लखलखाटाचा धोका

सोप्या ॲपमध्ये इफेक्टची जत्रा असते आणि नवशिक्याचा हात हमखास ‘फ्लॅश’वर जातो. इथे सावध राहायला हवे. १६ डिसेंबर १९९७ रोजी जपानमध्ये ‘पोकेमॉन’ या कार्टून मालिकेच्या एका भागात लाल आणि निळा प्रकाश सेकंदाला सुमारे १२ वेळा आलटून-पालटून चमकला. त्यानंतर ६८५ जणांना, बहुतांशी मुलांना, रुग्णालयात न्यावे लागले. काहींना फिट आली होती. लखलखाटाने फिट येण्याची प्रवृत्ती फार थोड्यांत असते, पण ती शाळकरी आणि किशोरवयात अधिक दिसते. त्यातल्या अनेकांना त्याआधी कधीच फिट आलेली नसते. सेकंदाला तीनपेक्षा जास्त वेळा चित्र लखलखू नये, हा वेबसाइटसाठीचा आंतरराष्ट्रीय दंडक मांडवातल्या पडद्यालाही लागू करावा. लाल रंगाचा लखलखाट तर टाळलेलाच बरा.

जोडणाऱ्याचे शरीर

लग्नानंतर चार दिवसांत व्हिडिओ हवा असतो आणि दिवसा नोकरी असते. त्यामुळे संकलन रात्री होते. पडद्याकडे टक लावून पाहताना पापण्यांची उघडझाप निम्म्याहून कमी होऊ शकते. त्यात हमरस्त्याची धूळ असेल तर डोळे चुरचुरतात, लाल होतात. दर वीस मिनिटांनी वीस सेकंद वीस फुटांवर पाहावे, हा नियम फुकटचा आणि गुणकारी आहे.

मोबाइलवर तासन्‌तास मान वाकवण्यापेक्षा तो पुस्तकाच्या उतरंडीवर डोळ्यांच्या पातळीला ठेवावा. माउसने एकच हालचाल शेकडो वेळा केल्याने मनगटातली नस दबू शकते. अंगठा, तर्जनी आणि मधले बोट यांना मुंग्या येऊ लागल्या, विशेषतः रात्री, तर ती सूचना समजावी. कीबोर्डचे शॉर्टकट इथे उपयोगी पडतात. रिझॉल्व्ह, शॉटकट आणि केडेनलाइव्ह या तिन्हींमध्ये जे, के आणि एल या तीन कळांनी चित्र मागे, स्थिर आणि पुढे नेता येते. एकदा बोटे बसली की दुसऱ्या सॉफ्टवेअरवर जातानाही ती विद्या वाया जात नाही.

झोपेचे गणित सर्वांत महाग पडते. रात्रीच्या प्रखर पडद्याने झोप आणणाऱ्या मेलाटोनिनचे स्रवणे लांबते. अपुऱ्या झोपेने दुसऱ्या दिवशी दुचाकीवरून कल्याण-भिवंडी रस्त्याला लागणे, हा धोका एखाद्या व्हिडिओसाठी पत्करण्याजोगा नाही. फाइल तयार करण्याचे, म्हणजे एक्स्पोर्टचे, काम रात्री संगणकाला लावून द्यावे आणि माणसाने झोपावे.

निवडीआधी एक चाचणी

कोणतेही सॉफ्टवेअर विकत घेण्याआधी पाच मिनिटांचे चित्रण घेऊन एक तास बसावे. त्या तासात तुकडे कापता आले का? क्षितिज सरळ झाले का? एक वळण संथ झाले का? दोन आवाज जोडता आले का? आणि शिक्क्याविना फाइल बाहेर निघाली का? पाचपैकी चार गोष्टी जमल्या तर ते सॉफ्टवेअर आपले. नाहीतर नाव कितीही मोठे असो, ते आपल्यासाठी नाही.

चित्रणाआधीचे नियमही विसरू नयेत. २०२१ च्या ड्रोन नियमांनुसार २५० ग्रॅमपर्यंतच्या नॅनो ड्रोनला वैमानिक परवाना लागत नाही. याचा अर्थ कुठेही उडवावे, असा नव्हे. हवाई नकाशावरचे लाल आणि पिवळे क्षेत्र पाहावे लागते. स्थानिक पोलीसही वेळोवेळी ड्रोनबंदीचे आदेश काढतात, त्यामुळे आधी पोलीस ठाण्यात विचारणे उत्तम. गर्दीच्या डोक्यावरून ड्रोन नेऊच नये. फिरत्या पात्याची जखम कोणत्याही सॉफ्टवेअरने पुसता येत नाही.

व्हिडिओ तयार झाला की तो सर्वांत आधी घरातल्या त्या माणसाला दाखवावा, ज्याला घाटात हमखास गाडी लागते. मोठ्या पडद्यावर, जवळ बसवून. त्याने शेवटपर्यंत पाहिला तर काम झाले. त्याने मान फिरवली, तर नेमक्या त्या क्षणी टाइमलाइनवर खूण करावी आणि तो तुकडा संथ करावा किंवा काढून टाकावा. व्हिडिओ संपल्यावरही कोणाची भोवळ थांबत नसेल, किंवा सोबत बोलणे अडखळणे, चेहरा वाकडा होणे, हातापायाची शक्ती जाणे असे काही दिसले, तर दोष व्हिडिओला देत बसू नये. अशा वेळी तातडीने रुग्णालय गाठावे.